प्रत राखणार कोण? फाइल-वाटपाच्या संगणकीय पद्धतींची एक खानदेशी चिकित्सा

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर, मध्ये कोणी मोठा मालक न ठेवता, थेट फाइल वाटून घेण्याच्या पद्धतीची चर्चा निघाली की ती दोनच वाटांनी जाते. पहिली वाट चोरीची: लोक सिनेमे आणि गाणी फुकट उतरवून घेतात, त्याला आळा कसा घालायचा? दुसरी वाट वेगाची: कोणता प्रोग्रॅम किती लवकर काम उरकतो? या दोन्ही वाटांवर एक प्रश्न मागेच राहतो. फाइल पोहोचली, पण पुढे ती राखणार कोण? आज शंभर जणांकडे असलेली वस्तू दहा वर्षांनी एकाकडे तरी सापडेल का, आणि सापडली तर ती तीच असेल का?

हा प्रश्न धुळ्यात विचारायला विशेष अर्थ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निधन झाले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद व पोथ्या सांभाळण्यासाठी इथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांमधून गोळा केलेले हस्तलिखितांचे भांडारही याच शहरात, श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहे. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून ओळखली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत तिथलीच. अशा संग्रहांचे काम शेवटी तीन प्रश्नांभोवती फिरते. प्रत आहे कुठे? ती विश्वासार्ह आहे का? आणि ती टिकेल का? नॅपस्टरपासून आयपीएफएसपर्यंतच्या प्रमुख प्रणाली याच तीन प्रश्नांवर तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

नकलेची जुनी शिस्त

छापखाना येण्यापूर्वी मराठी ग्रंथ पसरले ते नकलांमधून. नक्कल हे हलके काम मानले जात नव्हते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच हाताचा वाटावा, अशा बारीक सूचना त्यात आहेत. ग्रंथ मठामठांत नकलून जाणार, हे ध्यानात ठेवून केलेली ही नियमावली आहे. आज संगणकाच्या भाषेत ज्याला प्रोटोकॉल म्हणतात, तो याहून वेगळा नसतो: वाटणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी आधीच मान्य केलेले नियम.

नकला वाढल्या की चुकाही वाढतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमध्ये इतके पाठभेद शिरले होते की एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. पुढे राजवाड्यांनी पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून 1909 साली वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही, छापील प्रत तेवढी राहिली. राजवाड्यांनी वाचले ते बरोबर होते का, हे मूळ समोर ठेवून तपासण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही.

खानदेशातलीच आणखी दोन उदाहरणे घेऊ. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी विद्यार्थ्यांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. हस्तलिखित म्हणजे प्रत एक आणि वाचक अनेक. ज्याला वाचायचे त्याने तिच्याजवळ यायचे. दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तुरुंगाच्या भिंतीआड बोललेले शब्द एका माणसाच्या टिपणांत उतरले, म्हणून पुढे पुस्तक होऊन अनेक भाषांत गेले. वसतिगृहाचे दैनिक एका जागी बांधलेले होते. प्रवचने कागदावर येताच हातोहात जाऊ शकली. आजच्या भाषेत पहिली रीत सर्व्हरची, दुसरी वाटपाची.

एका छताखाली सगळे ठेवण्याचा धोका महाराष्ट्राने पाहिलेला आहे. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथसंपदेची मोडतोड झाली. तिथे कारण जमावाचे होते. इतरत्र ते आगीचे, पुराचे, वाळवीचे असू शकते, किंवा नुसते बिघडलेल्या हार्ड डिस्कचे.

पहिली कसोटी: शोध

जून 1999 मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्याने नॅपस्टर आणले. त्याची रचना समजायला सोपी आहे. पुस्तके सभासदांच्या घरी आहेत, पण कोणाच्या घरी कोणते पुस्तक आहे याची नोंदवही एका कचेरीत आहे, असे वाचनालय डोळ्यांसमोर आणावे. गाण्याची फाइल एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट जाई. नोंदवही मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. त्यामुळे शोध झटपट लागे. संगीत कंपन्यांच्या दाव्यात न्यायालयाने मनाई केली आणि जुलै 2001 मध्ये ती कचेरी बंद पडली. गाणी लोकांच्या संगणकांवर होती तशीच राहिली, फक्त ती कोणाकडे आहेत हे सांगणारे कोणी राहिले नाही.

त्याआधीच, मार्च 2000 मध्ये, ग्नुटेला अवतरले होते. त्यात नोंदवही नाहीच. मी माझ्या चार-पाच शेजारी संगणकांना विचारायचे, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, असा प्रश्न साधारण सात हातांपर्यंत पुढे जाई. एखादा मठ बंद केला तरी पंथ बंद पडत नाही, तसे हे. बंद पाडायला एक जागाच नव्हती. दोष असा की प्रत्येक शोधाची हाक गावभर फिरे आणि माणसे वाढली की हाकांच्या गोंगाटातच वाहिन्या भरून जात. दूरच्या टोकाला असलेली दुर्मीळ वस्तू हाकेच्या टप्प्यातच येत नसे. पुढे काही दणकट संगणकांना गल्लीच्या पुढाऱ्यासारखे नेमून हा गोंगाट कमी केला गेला. पण ग्नुटेलावरचा लाइमवायर हा लोकप्रिय प्रोग्रॅम 2010 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबला, म्हणजे प्रणालीला मालक नसला तरी प्रोग्रॅमला होताच.

डायरेक्ट कनेक्ट आणि त्याचा डीसी++ हा प्रोग्रॅम भारतातल्या अभियांत्रिकी वसतिगृहांत खूप चालला. यात ‘हब’ नावाची चावडी असते. चावडीवर यायचे तर आधी आपला ठरावीक वाटा सर्वांसाठी उघडा करावा लागतो, असा नियम पुष्कळ हबवर असे. आत आल्यावर दुसऱ्याचे कपाट उघडून त्यात काय काय आहे ते पाहता येते. ही सोय मला मोलाची वाटते. शोधायचे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला शोधयंत्र पुरते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला दुसऱ्याचे कपाट पाहावे लागते. राजवाडे ज्या घरांत शिरले, तिथे काय आहे हे घरच्यांनाही अनेकदा माहीत नसे.

शोधाचा सर्वांत नेटका तोडगा 2002 साली मेमौंकोव्ह आणि माझिएर या दोघांनी मांडलेल्या कॅडेम्लिया पद्धतीत आहे. नोंदवही एका जागी ठेवायची नाही आणि प्रत्येकाला हाकही मारायची नाही. नोंदवहीचीच पाने फाडून सर्वांत वाटायची, आणि कोणते पान कोणाकडे असेल हे गणिताने ठरवायचे. ईम्यूल आणि बिटटोरंट या दोघांनीही पुढे ही रीत घेतली. पण तिला एक मर्यादा आहे. वस्तूची अचूक खूण हाती असेल तर ही नोंदवही तत्काळ पत्ता देते. ‘कानबाईची गाणी’ असे मोघम विचारले तर बिटटोरंटची नोंदवही गप्प राहते. म्हणून बिटटोरंटला बाहेरच्या याद्यांचा आधार लागतो, आणि नॅपस्टरची कचेरी मागच्या दाराने परत येते.

दुसरी कसोटी: खात्री

2001 मध्ये आलेल्या काझाने एके काळी सगळ्यांना मागे टाकले होते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने मात्र त्याची कथा बोधप्रद आहे. फाइल तीच आहे हे ओळखण्यासाठी संगणक तिच्यावरून एक छोटा ठसा काढतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलला पाहिजे. काझाने वेगासाठी मोठ्या फाइलचा ठसा तिच्या काही भागांवरूनच काढला. मधले भाग तपासलेच जात नसल्याने तिथे कचरा भरला तरी ठसा तोच राही. मग गाण्यांच्या नावाखाली बिघडवलेल्या फाइली सोडल्या गेल्या आणि अस्सल व बनावट एकाच रांगेत उभे राहिले. पोथीचे पहिले आणि शेवटचे पान पाहून ती शुद्ध ठरवावी, असा हा प्रकार.

ईम्यूलने ही चूक केली नाही. ते फाइलचे साधारण 97 लाख बाइटचे भाग पाडते आणि प्रत्येकाचा ठसा तपासते. एखादा भाग नासका आला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. ब्रॅम कोहेन यांनी जुलै 2001 मध्ये आणलेले बिटटोरंट याहून लहान तुकडे करते आणि सर्व तुकड्यांचे ठसे आधीच एका छोट्या टोरंट फाइलीत लिहून ठेवते. तुकडा कोणाकडूनही येवो, ठसा जुळला तरच तो स्वीकारायचा. देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच राहत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. जुनी ठशाची रीत पुढे कच्ची ठरली. 2017 मध्ये एकच एसएचए-1 ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली संशोधकांनी करून दाखवल्या. बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याहून पक्का ठसा आहे.

एवढ्यावर बिटटोरंटला पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटतील. पण ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. जाहीर केलेल्या प्रतीसारखीच ही प्रत आहे, एवढेच तो सांगतो. जाहीर केलेली प्रत मुळात बरोबर होती का, याविषयी त्याला काही म्हणायचे नसते. स्कॅन करताना एक पान सुटले असेल, तर पान सुटलेली पोथी लाखो जागी तंतोतंत पोहोचेल आणि प्रत्येक ठिकाणी ठसा जुळेल. नकलनवीसाची चूक संगणकाने संपवली, संपादकाचे काम मात्र जसेच्या तसे राहिले.

तिसरी कसोटी: राखण

इथे प्रणालींमधला खरा फरक दिसतो. बिटटोरंटमध्ये फाइल घेणारा घेता घेताच देऊ लागतो. ज्याने मला तुकडा दिला त्याला मी आधी देणार, हा त्याचा रोकडा व्यवहार. शिवाय जो तुकडा सर्वांत कमी लोकांकडे असेल तो आधी घ्यायचा, असा नियम आहे. मागणी वाढली की देणारेही वाढतात. नव्या, गाजलेल्या फाइलीसाठी याहून चांगली पद्धत क्वचितच सापडेल.

पण हा व्यवहार फाइल पूर्ण होईपर्यंतचा. पूर्ण झाल्यावर थांबून इतरांना देत राहण्याचे कोणतेही बंधन नाही. पूर्ण प्रत असलेल्याला तिथे ‘सीडर’ म्हणतात. सीड म्हणजे बियाणे. कापसाच्या प्रदेशात हा शब्द लगेच समजावा. पूर्वी शेतकरी घरच्या पिकातून पुढच्या पेरणीचे बियाणे राखत असे. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, संकरित वाण पसरले आणि दरवर्षी पाकीट विकत घेणे आले. पीक आले तरी बियाणे हाती राहत नाही. टोरंट उतरवून लगेच प्रोग्रॅम बंद करणाऱ्याने पीक घेतले, बियाणे ठेवले नाही. आणि ऑनलाइन गाणे नुसते ऐकणाऱ्याकडे तर ऐकल्यावर काहीच उरत नाही. शेवटचा सीडर गेला की टोरंट फाइल उरते, पण तिच्यात ठशांखेरीज काही नसते. अहिराणीतल्या एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणासारख्या कमी मागणीच्या वस्तूसाठी बिटटोरंट म्हणूनच कच्चे पडते.

2002 साली आलेले ईम्यूल हळू चाले. रांगेत तासन् तास थांबावे लागे, आणि पूर्वी आपल्याला ज्याने दिले त्याला रांगेत थोडे पुढे घेतले जाई. तरी ईम्यूल, डीसी++ आणि सोलसीक यांच्यात एक साम्य आहे जे बिटटोरंटमध्ये नाही. त्यांत माणूस एक फाइल वाटत नाही, आपले कपाटच उघडे ठेवतो. वाटणारा आज कशासाठी आला आहे याचा त्याच्या कपाटातल्या जुन्या वस्तूंशी संबंध नसतो. तो नवा सिनेमा घ्यायला बसला तरी त्याच्याकडची दहा वर्षांपूर्वीची दुर्मीळ फाइल इतरांना मिळत राहते. राखण हा तिथे वेगळा उपकार नाही, रोजच्या वापराचाच भाग आहे. दुर्मीळ संगीताचे शौकीन सोलसीकला चिकटून राहिले त्याचे कारण यातच आहे.

2015 मध्ये आलेल्या आयपीएफएसने कायमच्या जालाचे स्वप्न दाखवले. वस्तूचा पत्ता तिच्या जागेवरून न ठरवता तिच्या ठशावरून ठरवायचा, ही त्यातली कल्पना पक्की आहे. पण कोणी तरी ती वस्तू आपल्या यंत्रावर मुद्दाम धरून ठेवली नाही, तर तीही जाते. कायम राहतो तो पत्ता. जाहिरातीत हा फरक पुसट होतो, म्हणून तो ठळक करणे टीकाकाराचे काम आहे.

मेमरी कार्डातला खानदेश

आपल्याकडचे बहुतेक वाटप यांपैकी कोणत्याच प्रणालीतून झाले नाही. ते झाले मोबाइलच्या दुकानात. मेमरी कार्ड दिले की पाच-पन्नास रुपयांत गाणी आणि सिनेमे भरून मिळत. ब्लूटूथ आले, मग शेअरइट आणि झेंडर आले. हे प्रोग्रॅम एका फोनचे वायफाय दुसऱ्याला जोडून थेट फाइल पाठवत, त्यासाठी इंटरनेट लागत नसे. डेटा महाग असताना लग्नघरात, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर अहिराणी गाणी अशीच पसरली. शब्दशः पाहिले तर हेच सर्वांत अस्सल थेट वाटप, कारण देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असत.

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट आणि झेंडर दोन्ही होते. तोवर डेटा स्वस्त होऊन लोक यूट्यूबकडे वळलेच होते. आपल्या तीन कसोट्या लावल्या तर ही रीत वेगात उत्तम आणि बाकी सगळ्यात दुबळी. शोध नाही, कारण माझ्या फोनमध्ये काय आहे हे मी दाखवल्याशिवाय कोणाला कळत नाही. खात्री नाही, कारण फाइलचे नाव हातोहात बदलते आणि गायकाचे, गावाचे, वर्षाचे नाव पहिल्या दोन-तीन हातांतच गळून पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर तर फोटो पाठवला की तो आकसतो. चार हातांतून गेलेल्या मोडी कागदाच्या फोटोतली अक्षरे वाचता येत नाहीत, तो आजच्या काळातला नकलनवीसाचा दोष. आणि राखण नाही, कारण कार्ड भरले की जुने पुसले जाते.

नुकसान कोणाचे होते ते पाहू. हिंदी सिनेमाच्या गाण्याला काही होत नाही, ते हजार जागी आहे. जाते ते कोण्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओवीचे ध्वनिमुद्रण, वहीगायनाची रात्रभराची मैफल, कानबाईच्या उत्सवात नातवाने फोनवर टिपलेले गाणे. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी लिहून घेतली, म्हणून 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. जी लिहून घ्यायची राहिली ती त्यांच्याबरोबर गेली. आज टिपण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि टिपलेले हरवण्याची सोयही त्याच खिशात आहे.

मग खानदेशाला काय जुळेल?

प्रश्न वेगाचा नसून राखणीचा आहे असे एकदा ठरले, की नजर वेगळ्या प्रणालीकडे जाते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात 1999 च्या सुमारास ‘लॉक्स’ नावाची योजना सुरू झाली. तिचे सूत्रच असे की पुष्कळ प्रती म्हणजे वस्तू सुरक्षित. प्रत्येक ग्रंथालय स्वतःच्या साध्या संगणकावर संपूर्ण प्रत ठेवते. हे संगणक ठरावीक काळाने एकमेकांशी प्रतींचे ठसे ताडून पाहतात, आणि एकाची प्रत बिघडलेली आढळली तर बहुमताच्या प्रतीवरून ती दुरुस्त होते. ही पाठचिकित्साच आहे, फक्त यंत्राने अखंड चाललेली. त्यात अनोळखी गर्दी नाही. ओळखीच्या, जबाबदार संस्था आहेत.

धुळ्याची दोन भांडारे, जळगावात 1990 पासून असलेले विद्यापीठ, अमळनेर-चाळीसगाव-शिरपूरसारख्या गावांतल्या महाविद्यालयांची ग्रंथालये: असे सहा-सात भिडू या रचनेला पुरतात. ज्याच्याकडे मूळ आहे त्याची मालकी तशीच राहावी. इतरांनी फक्त प्रत राखावी आणि वर्षातून काही वेळा ठसे ताडावेत. ज्यांना लॉक्स जड वाटेल त्यांना सिंकथिंगसारखा मोफत प्रोग्रॅमही दोन-तीन ठिकाणची प्रत सारखी ठेवायला उपयोगी पडतो. त्याचा धोका एवढाच की एका जागी पुसलेले दुसऱ्या जागीही पुसले जाते, म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू ठेवावी लागते. लोकांसाठी खुले करायचे ते टोरंटने द्यावे, पण एका तरी संस्थेने त्याचा सीडर म्हणून कायम उभे राहण्याचे लेखी कबूल करावे. इंटरनेट आर्काइव्ह 2012 पासून आपल्या संग्रहाची टोरंट देते आणि मूळ प्रतही स्वतः धरून ठेवते. टोरंट वाहतुकीसाठी आणि संस्था राखणीसाठी, ही तिथली वाटणी घेण्यासारखी आहे.

कायद्याचा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. वाटपाची पद्धत बेकायदा नसते, बेकायदा असते ते दुसऱ्याच्या हक्काची वस्तू परवानगीशिवाय वाटणे. शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथीवर कोणाचा कॉपीराइट नाही. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन 1950 मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 2011 पासून सर्वांचे आहे. लोकगीते गाणाऱ्या बाईची परवानगी आणि तिचे नाव मात्र नोंदवलेच पाहिजे. तिथे कायद्याआधी सभ्यता येते.

प्रणालींचा निकाल थोडक्यात सांगायचा तर शोधात डीसी++चे उघडे कपाट, खात्रीत बिटटोरंटचा तुकड्यातुकड्याचा ठसा आणि राखणीत लॉक्सची ओळखीची मंडळी, असे गुण तीन ठिकाणी विखुरले आहेत. तिन्ही एकत्र देणारा प्रोग्रॅम आज नाही. ते एकत्र आणायचे काम माणसांचे आहे. नोंदवही मराठीत आणि अहिराणीत ठेवणे, स्कॅनचे प्रत्येक पान मुळाशी ताडणे, आणि दर वर्षी प्रती मोजणे. देव एकेका मठात जाऊन पोथ्या उघडून पाहत होते तेव्हाही काम हेच होते. फरक एवढाच की त्यांना प्रत मिळवायला खेटे घालावे लागले, आणि आपल्याला ती टिकवायला.